कागदावरचा पैलवान

परवा रविवारी सकाळी सकाळी ओहायोहून भाच्याचा फोन आला. तिकडे शनिवारची रात्र होती. "मामा, तुला एक एक्सेल शीट पाठवलंय, बघ आणि सांग बरोबर आहे का." भाचा सतरा वर्षांचा आहे, शाळेच्या संघातून कुस्ती खेळतो. आमच्या घराण्यात आजोबांनंतर लंगोट बांधणारा हा पहिलाच. मी स्वतः तालमीत गेलो तो फक्त आजोबांचा डबा पोचवायला. तरी कुस्तीबद्दल बोलायला घरात दुसरं कोणी नाही, म्हणून त्याचे फोन मला येतात.

शीट उघडलं. मिक्स्ड मार्शल आर्ट्समध्ये, म्हणजे त्या जाळीच्या पिंजऱ्यातल्या लढतींमध्ये उतरलेल्या तीसेक कुस्तीगीरांची यादी होती. प्रत्येकापुढे त्याची हौशी कुस्तीतली कामगिरी आणि त्याला गुण. ऑलिम्पिक सुवर्णाला दहा, रौप्याला आठ, अमेरिकन विद्यापीठांच्या एनसीएए स्पर्धेतल्या अजिंक्यपदाला सहा, पहिल्या आठात आला तर तीन... असं करत करत शेवटी बेरीज आणि क्रमवारी. मेहनत भरपूर घेतली होती पोराने. फक्त एकच गडबड होती. त्याच्या क्रमवारीत वर असलेले बरेच जण पिंजऱ्यात खाली गेले होते आणि खालचे वर आले होते.

"हे असं का होतं?" हा त्याचा प्रश्न. त्यामागे आणखी एक प्रश्न होता, तो त्याने विचारला नाही. तो शेवटी सांगतो.

आधी थोडा इतिहास. युएफसी नावाचा प्रकार अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात १२ नोव्हेंबर १९९३ रोजी सुरू झाला. कुठलीही विद्या असलेल्याने यावं आणि भिडावं, अशी कल्पना. पहिली स्पर्धा जिंकली रॉयस ग्रेसी या ब्राझीलच्या शिडशिडीत जुजुत्सूवाल्याने. डिसेंबर १९९४ च्या चौथ्या स्पर्धेत डॅन सेव्हर्न आला. विद्यापीठ कुस्तीत नाव कमावलेला, ग्रेसीपेक्षा कितीतरी वजनदार गडी. अंतिम लढतीत त्याने ग्रेसीला खाली घेतलं आणि पंधरा मिनिटं वर बसून राहिला. आपल्याकडच्या कुठल्याही वस्तादाने ही कुस्ती सेव्हर्नलाच दिली असती. पण खालून ग्रेसीने पायांची कैची त्याच्या मानेभोवती आणि हाताभोवती आवळली आणि सेव्हर्नला हार मानावी लागली.

मला वाटतं भाच्याच्या शीटचं अर्धं उत्तर या एका लढतीत आहे. कुस्तीत पाठ टेकली की खेळ खलास. त्यामुळे पाठीवर पडून लढायचं ही कल्पनाच कुस्तीगीराच्या डोक्यात नसते. जुजुत्सूवाला तिथूनच सुरुवात करतो. उलट पाठ टेकू नये म्हणून कुस्तीगीर सवयीने पोटावर वळतो, आणि पिंजऱ्यात पोटावर वळणं म्हणजे समोरच्याला गळा देणं. ज्या सवयीने पदक मिळालं तीच सवय इथे घात करते.

तरी पुढची दोन-तीन वर्षं कुस्तीगीरांचीच होती. सेव्हर्न स्वतः १९९५ मध्ये पुढची स्पर्धा जिंकला. मग १९९६ मध्ये मार्क कोलमन आला. १९८८ चा एनसीएए विजेता, १९९१ च्या जागतिक स्पर्धेतलं रौप्य, १९९२ ची बार्सिलोना ऑलिम्पिक. दुहेरी पट काढून माणूस खाली घ्यायचा आणि वरून ठोसे घालायचे, एवढंच त्याचं तंत्र होतं. त्याने लागोपाठ दोन स्पर्धा जिंकल्या आणि फेब्रुवारी १९९७ मध्ये सेव्हर्नलाच हरवून पहिला हेवीवेट विजेता झाला. हे का जमलं? कारण पट कसा अडवायचा हे बाकीच्यांना माहीतच नव्हतं. बॉक्सर असो की कराटेवाला, कुस्तीगीर म्हणेल तिथे लढत व्हायची. उभ्याने हवी तर उभ्याने, जमिनीवर हवी तर जमिनीवर. ही निवड हातात असणं हाच कुस्तीचा खरा फायदा, आणि तो आजही आहे.

पण जुलै १९९७ मध्ये मॉरिस स्मिथ नावाच्या किकबॉक्सरने कोलमनला हरवलं. स्मिथने काही मोठी जादू केली नाही. खाली पडल्यावर कसं तग धरायचं आणि परत कसं उभं राहायचं एवढं तो शिकून आला होता. कोलमन दमला, स्मिथ दमला नाही. म्हणजे चार वर्षांतच बाकीचे कुस्तीगीरांकडून शिकले होते.

आता मुख्य गोष्ट. ही मला स्वतःला फार आवडते.

१९९२ च्या एनसीएए स्पर्धेत १९० पौंड गटाच्या अंतिम फेरीत दोन मल्ल समोरासमोर आले. सिरॅक्यूज विद्यापीठाचा मार्क कर आणि ओक्लाहोमा स्टेटचा रँडी कुटूर. कर जिंकला, आणि चांगला जिंकला. कुटूर १९९१ मध्येही अंतिम फेरीत हरला होता, म्हणजे सलग दोनदा उपविजेता. तो सैन्यात नोकरी करून मग कॉलेजात आलेला, त्यामुळे बरोबरच्या पोरांपेक्षा वयाने बराच मोठा. पुढे ग्रीको-रोमनमध्ये ऑलिम्पिकसाठी धडपडला, पण मुख्य संघात जागा मिळाली नाही, राखीव म्हणूनच राहिला. कागदावर बघाल तर 'थोडक्यात हुकलेला माणूस'.

मे १९९७ मध्ये, तेहतिसाव्या वर्षी, कुटूर पिंजऱ्यात उतरला. त्याच वर्षी करही आला आणि दोन स्पर्धा अशा जिंकला की बघणाऱ्यांना भीती वाटावी. आणखी एक मोठं नाव त्याच सुमाराला आलं, केव्हिन जॅक्सन. बार्सिलोनाचा फ्रीस्टाइल सुवर्णपदक विजेता, शिवाय १९९१ आणि १९९५ चा जगज्जेता. भाच्याच्या शीटमध्ये हा अगदी वरच्या ओळीत आहे, आणि असायलाच हवा.

२१ डिसेंबर १९९७. जपानमधलं योकोहामा. एकाच रात्री, एकाच पिंजऱ्यात जॅक्सन आणि कुटूर दोघांच्याही विजेतेपदाच्या लढती होत्या. जॅक्सनसमोर होता फ्रँक शॅमरॉक. कुस्तीच्या कागदावर त्याचं नाव शोधूनही सापडणार नाही. जॅक्सनने त्याला खाली घेतलं आणि शॅमरॉकने खालूनच त्याचा हात धरून कोपरातून उलटा ताणला. खेळ संपला. सोळा सेकंद! ऑलिम्पिक सुवर्ण, दोन जागतिक सुवर्ण आणि सोळा सेकंद.

आणि कुटूर? तो मॉरिस स्मिथशी लढला, त्याच कोलमनला हरवणाऱ्या स्मिथशी. पूर्ण वेळ लढून पंचांच्या निर्णयावर जिंकला आणि हेवीवेट विजेता झाला. पुढे २००३ मध्ये खालच्या वजनगटाचंही विजेतेपद त्याने मिळवलं, आणि मार्च २००७ मध्ये, त्रेचाळिसाव्या वर्षी, पुन्हा हेवीवेटचं. कर मात्र युएफसी सोडून जपानला गेला. तिथे हार, दुखापती आणि वेदनाशामक औषधांचं व्यसन यात अडकत गेला. २००२ च्या माहितीपटात हे सगळं त्याच्याच तोंडून ऐकायला मिळतं, आणि २०२५ मध्ये त्यावर ड्वेन जॉन्सनचा चित्रपटही आला. कर आणि कुटूर पिंजऱ्यात एकमेकांशी कधीच लढले नाहीत. कागदावर आजही निकाल करच्याच बाजूने आहे.

तुम्ही म्हणाल, ही नशिबाची गोष्ट झाली. मलाही आधी तसंच वाटलं. पण यादी पुढे वाचत गेलो तसं एक सूत्र दिसायला लागलं.

पहिलं म्हणजे कुस्ती कुठली? आपण सरसकट 'कुस्ती' म्हणतो, पण अमेरिकन विद्यापीठात खेळतात ती फोकस्टाइल. तीत समोरच्याला खाली दाबून धरण्याला महत्त्व, जितका वेळ वर राहिलात त्याचाही गुण. खालच्याला निसटून उठल्याचा गुण. फ्रीस्टाइलमध्ये खाली काही घडलं नाही की पंच दोघांना उभं करतात. पिंजऱ्यात कोणी उभं करेल याचा भरवसा नसतो, म्हणून दाबून धरायची विद्या थेट उपयोगी. आणि ग्रीको-रोमनमध्ये पायाला हात लावायचा नाही, सगळं छातीला छाती भिडवून. कुटूरने नेमकं हेच वापरलं. समोरच्याला जाळीशी रेटायचं, एका हाताने मान धरायची आणि दुसऱ्याने ठोसे. म्हणजे दहा गुण आणि सहा गुण यांची बेरीजच होऊ शकत नाही. ती वेगवेगळ्या नाण्यांची बेरीज आहे.

दुसरं म्हणजे त्यानंतर काय शिकलास? जॉश कॉशचेक २००१ चा एनसीएए विजेता, त्या वर्षी एकही कुस्ती न हरलेला. ऑगस्ट २००७ मध्ये त्याच्यासमोर आला कॅनडाचा जॉर्ज सेंट पिएर. याने शाळा-कॉलेजात कुस्ती खेळलेलीच नाही, मूळचा कराटेवाला. पण मॉन्ट्रियलमध्ये तिथल्या राष्ट्रीय दर्जाच्या मल्लांबरोबर रोज माती खात, आपलं, मॅट खात शिकला :) त्या लढतीत सेंट पिएरने कॉशचेकला पट काढून पाडलं आणि निर्णयावर जिंकला. पदक ज्याच्याकडे नव्हतं त्याने कुस्तीतच कुस्तीगीराला हरवलं!

ब्रॉक लेस्नरचंही तसंच. २००० चा एनसीएए हेवीवेट विजेता, २००८ मध्ये कुटूरला हरवून युएफसी विजेता. ऑक्टोबर २०१० मध्ये त्याला केन व्हेलास्केझने पहिल्याच फेरीत संपवला, तोही खाली पाडून. व्हेलास्केझ विद्यापीठात पाचवा आणि चौथा आला होता, पहिला कधीच नाही.

तिसरी गोष्ट मला हेन्री सेहुदोने शिकवली. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये एकविसाव्या वर्षी ५५ किलो फ्रीस्टाइलचं सुवर्ण. एप्रिल २०१६ मध्ये तो डिमेट्रियस जॉन्सनकडून पहिल्याच फेरीत हरला, आणि जॉन्सनचं कुस्तीतलं नाव शाळेपलीकडे नव्हतं. जॅक्सनसारखीच गत. पण सेहुदो घरी बसला नाही. उभ्याने कसं लढायचं ते नव्याने शिकला आणि ऑगस्ट २०१८ मध्ये त्याच जॉन्सनला हरवून विजेता झाला. ऑलिम्पिक सुवर्ण आणि युएफसीचा पट्टा दोन्ही मिळवणारा तो पहिलाच. दोन्ही लढतींत पदक तेच होतं, माणूस बदलला होता.

आपल्याकडचं उदाहरण पाहायचं तर रितू फोगट. राष्ट्रकुल कुस्ती स्पर्धेत २०१६ चं सुवर्ण, २३ वर्षांखालच्या जागतिक स्पर्धेत २०१७ चं रौप्य. ऑलिम्पिकची वाट सोडून २०१९ मध्ये ती या खेळात आली. डिसेंबर २०२१ मध्ये मोठ्या स्पर्धेच्या अंतिम फेरीपर्यंत पोचली आणि थायलंडच्या स्टॅम्प फेअरटेक्सकडून हरली. कशी? स्टॅम्पने खालून तिचा हात ताणला. योकोहामाला चोवीस वर्षं झाली होती, डाव तोच.

पण उलट टोकालाही जाऊ नये. कागदाला किंमत नाही असं म्हणणंही खोटंच. डॅनियल कॉर्मिए बघा. २००१ ला एनसीएए उपविजेता, २००४ ला अथेन्समध्ये चौथा, २००८ ला बीजिंगला जाऊन वजन उतरवताना मूत्रपिंडं निकामी व्हायची वेळ आली आणि न खेळताच परतला. पण एवढी वर्षं त्या दर्जाच्या मल्लांशी रोज झुंजल्यामुळेच तो तिशीत या खेळात येऊन दोन वजनगटांचा विजेता झाला. पदक नसलं तरी मेहनत अंगात होती. कागद एवढंच सांगतो की हा माणूस अमुक दिवशी, अमुक नियमांनी, अमुक माणसांपुढे कितवा आला. ते खरंच असतं. फक्त पुढचं त्यात लिहिलेलं नसतं.

आता भाच्याने न विचारलेला प्रश्न. बहिणीकडून कळलं की यंदा तो जिल्ह्याच्या फेरीतच बाहेर पडला. राज्य स्पर्धा हुकली. शीट त्यानंतरच्या आठवड्यात तयार झालंय. त्या तीस नावांखाली त्याने स्वतःचं नाव लिहून पुढे शून्य टाकलं असणार आणि मला पाठवायच्या आधी ती ओळ पुसली असणार. मी ओळखतो त्याला.

आणि खरं सांगायचं तर मीही आयुष्यभर असलीच शीटं भरली. नोकरीत पंधरा वर्षं मुलाखती घेतल्या. टक्के, कॉलेज, क्लास, तीन रकाने आणि बेरीज. साठ टक्क्यांच्या खालचा अर्ज मी उघडतसुद्धा नसे. त्या बाजूला ठेवलेल्या गठ्ठ्यात किती कुटूर गेले असतील देव जाणे. तेव्हा मला वाटायचं की मी निःपक्षपाती आहे. आज वाटतं, मला फक्त घाई होती.

रात्री फोन केला त्याला. म्हटलं, "शीट बरोबर आहे रे, एक रकाना कमी आहे. 'त्यानंतर' असा घाल."

थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मामा, त्याला गुण किती द्यायचे?"

म्हटलं, "ते मला नाही माहीत. तो रकाना उशिरा भरतो."

सोमवारी तो तालमीला गेला, असं बहिणीने कळवलंय. तिकडे त्याला प्रॅक्टिस म्हणतात म्हणे. असो.