वल्हेकरी, तांडेल आणि परिवीक्षा अधिकारी : देखरेखीच्या एका पेशाची कुळकथा

अटींवर तुरुंगाबाहेर आलेल्या माणसाच्या घरची चौकशी करणे, त्याला काम आणि निवारा मिळतो की नाही ते पाहणे आणि तो अटी पाळतो का यावर नजर ठेवणे, हा आज एक पगारी पेशा आहे. मराठीत या कामाच्या अधिकाऱ्याला परिवीक्षा अधिकारी म्हणतात. तमिळनाडूत त्याचे पदनाम ‘नन्नडत्तै अलुवलर’, म्हणजे सद्वर्तन अधिकारी, असे आहे. परिवीक्षा म्हणजे तुरुंगवासाऐवजी देखरेखीखाली दिलेली मोकळीक आणि पॅरोल म्हणजे तुरुंगवास चालू असताना अटींवर मिळालेली सुटका, असा कायद्याने केलेला भेद असला, तरी दोन्हींच्या मागे फिरणारा माणूस पुष्कळदा एकच असतो. या पेशाचा रूढ इतिहास थोडक्यात आटोपतो. १८४० मध्ये मॅकोनॉकीने नॉरफोक बेटावर कैद्यांसाठी गुणपद्धती सुरू केली, १८४१ मध्ये बॉस्टनच्या जॉन ऑगस्टस या बूट शिवणाऱ्या कारागिराने एका दारुड्याचा जामीन घेतला, १८७८ मध्ये मॅसॅच्युसेट्सने पगारी अधिकाऱ्याचा कायदा केला आणि १९०७ मध्ये इंग्लंडने तोच कित्ता गिरवला. या वंशावळीत हिंदुस्थानला शेवटच्या, उसनवारी करणाऱ्याच्या जागी बसवले जाते. परंतु याच पेशाची एक शाखा नॉरफोक बेट आणि बॉस्टन या दोहोंहून जुनी आहे आणि तिचे मूळ शोधू गेल्यास ते मद्रासच्या किनाऱ्यावर, नावेच्या सुकाणूपाशी सापडते, असे येथे प्रतिपादन आहे.

मैलापूर म्हटले की कपालीश्वराचे देऊळ, त्याभोवतीच्या माड वीथी आणि वकिलांची जुनी घरे आठवतात. पण याच वस्तीची पूर्वेची कड सांतोमपाशी समुद्राला भिडते आणि तिथे नोच्चिकुप्पमसारख्या कोळीवाड्यांची रांग आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत मद्रासला बंदर नव्हते. जहाजे दूर खोल पाण्यात नांगर टाकीत आणि माणसे व माल फुटत्या लाटांमधून किनाऱ्यावर येई तो मसुला नावेतून. या नावेच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नसून काथ्याच्या दोरीने शिवलेल्या असत, त्यामुळे वाळूवर आदळली तरी ती फुटण्याऐवजी लवत असे. वल्हेकरी बाकांवर बसून वल्ही ओढीत आणि मागच्या टोकाला लांब वल्ह्याचे सुकाणू धरून एक जण उभा राही. कोणती लाट जाऊ द्यायची आणि कोणत्या लाटेच्या पाठीवर नाव घालायची, हे तोच ठरवी. इंग्रजी कागदपत्रांत त्याला ‘टिंडल’ म्हटले आहे, आणि कोकणच्या किनाऱ्यावर हाच मनुष्य तांडेल या नावाने ओळखला जातो; तेथे ते कोळी समाजात आडनावही झाले आहे.

या शब्दाच्या व्युत्पत्तीवर जुना वाद आहे आणि तो येथे सोडवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. प्लॅट्स या कोशकाराने त्याचा संबंध तांड्याशी जोडला. तांडा म्हणजे माणसांची ओळ आणि त्या ओळीचा म्होरक्या तो तांडेल. उलट मद्रास इलाख्याच्या शब्दसंग्रहाने मल्याळम ‘तंडल’ हा शब्द ‘तंडु’ म्हणजे वल्हे आणि ‘वलि’ म्हणजे ओढणे यांवरून आला असे मानले. ‘हॉब्सन-जॉब्सन’च्या १९०३ च्या आवृत्तीत ही दोन्ही मते शेजारी शेजारी दिली आहेत. प्लॅट्सच्या बाजूने मोठा पुरावा असा की, टिंडल केवळ समुद्रावर आढळत नाही. तोफखान्यात आणि रस्तेबांधणीच्या टोळ्यांवरही तो आहे, आणि तिथे वल्ह्याचा काय संबंध? तिसरा दावेदार तमिळमध्येच आहे. तेथे ‘तंडल’ म्हणजे वसुली, आणि चेन्नईच्या बाजारपेठांत रोजच्या हप्त्याने फेडायच्या सावकारी कर्जाला आजही तेच नाव आहे. परंतु नावेवरचा माणूस वसुली करीत नाही, तो नाव चालवतो. म्हणून हा दावा कानाला गोड लागला तरी बाजूला ठेवणे भाग आहे. राहिला वल्ह्याचा पक्ष, आणि त्याच्यावरचा सर्वांत बोचरा आक्षेप हा की, मसुला नावेत बाकावर बसून वल्हे न ओढणारा जो एकमेव मनुष्य, त्यालाच ‘वल्हे ओढणारा’ का म्हणावे? याचे उत्तर पदोन्नतीत शोधता येते. सुकाणू हाती येते ते वर्षानुवर्षे बाकावर वल्हे ओढलेल्या माणसाच्या. तो बाकावरून उठतो, पण जुने नाव त्याच्याबरोबर उठते. जमिनीवरच्या टोळ्यांना हा शब्द लागला तो खलाशांकडून, कारण जड तोफा आणि लाकडे उचलण्यासाठी सरकार खलाशांनाच बोलावी, असा तर्क करण्यास जागा आहे. तांड्याचा पक्ष त्यामुळे खोटा ठरत नाही. मराठीत तांडा हा शब्द घरचाच असल्याने तो अर्थ मागाहून चिकटला असणे शक्य आहे. तरीही वल्ह्याचा पक्ष येथे ग्राह्य धरला आहे, आणि त्याचे कारण पुढच्या इतिहासात आहे.

सुमात्रातील बेंकुलन येथे ईस्ट इंडिया कंपनी हिंदुस्थानातून काळ्या पाण्याची शिक्षा झालेले कैदी पाठवीत असे. तेथील लेफ्टनंट गव्हर्नर स्टॅमफर्ड रॅफल्सने १८१८ मध्ये वरिष्ठांना कळवले की, या कैद्यांचे तीन वर्ग करावेत. पहिल्या वर्गातल्यांना न्यायालयात साक्ष देता यावी आणि स्वतःच्या जमिनीवर वसता यावे, दुसऱ्याने साधी मजुरी करावी आणि दांडगटांच्या तिसऱ्या वर्गाला कष्टाची कामे देऊन रात्री कोंडून ठेवावे. पुढे करारान्वये बेंकुलन डचांकडे गेले आणि १८ एप्रिल १८२५ रोजी तेथले ८० कैदी सिंगापूरला उतरले. हे मूळचे मद्रासचे होते. बंगालचे १२२ कैदी त्यांच्यामागून आठवड्याने आले. सिंगापुरात पुढे या शिडीला सहा पायऱ्या झाल्या: वरच्या टोकाला ‘तिकीट ऑफ लीव्ह’, म्हणजे बाहेर राहून पोट भरण्याचा परवाना मिळालेले कैदी, त्यांच्या खाली कैद्यांतूनच निवडलेले शिपाई आणि हुद्देदार, मग सामान्य मजूर, बेड्यांतले, आणि शेवटी अपंग व म्हातारे. या हुद्देदारांनाच टिंडल म्हणत. गोरा पहारेकरी परवडत नव्हता, हे यामागचे उघड कारण. पण परिणाम असा झाला की, सुटकेच्या वाटेवर असलेल्या माणसावर देखरेख करणारा मनुष्य त्याच बाकावरून उठलेला असे. या पद्धतीचे नियम बांधणारा गव्हर्नर बटरवर्थ मद्रास सैन्यातला होता, आणि तिचा इतिहास १८९९ मध्ये ‘कैदीच कैद्यांचे पहारेकरी’ अशा अर्थाच्या शीर्षकाने लिहिणारा मॅकनेर मद्रास तोफखान्यातला. सिंगापूरचे सेंट अँड्र्यूज कॅथेड्रल, ज्याचे अर्पण १८६२ मध्ये झाले, याच कैद्यांनी बांधले आणि आतल्या भिंतींना जो गुळगुळीत गिलावा दिला तो ‘मद्रास चुनम’ नावाने प्रसिद्ध आहे. शिंपल्यांचा चुना, अंड्याचा पांढरा बलक आणि साखर घोटून तो बनवीत.

ऑस्ट्रेलियाच्या कैवाऱ्यांचे म्हणणे असे की, न्यू साउथ वेल्समध्ये गव्हर्नर किंगने १८०१ मध्येच असे परवाने दिले होते, म्हणजे अग्रमान तिकडे जातो. परवान्यापुरते हे मान्यच करावे लागते. परंतु किंगचा परवाना प्रामुख्याने सरकारी खर्चातून सुटण्यासाठी होता. वर्तनानुसार चढण्या-उतरण्याची शिडी आणि तिच्यावर नेमलेला देखरेख करणारा, या जोडीचा मान रॅफल्सच्या मद्रासी कैद्यांनाच द्यावा लागेल. सिंगापूरचा टिंडल मुख्यतः अजून बंदिवान असलेल्यांवर होता, मोकळ्यांवर नव्हता, हा दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. त्यावर एवढेच म्हणता येते की, एकाच शिडीवर दोघेही उभे होते आणि वरची पायरी खालच्या पायरीवरूनच गाठावी लागे.

१८७३ मध्ये सिंगापूरची कैदी वसाहत बंद झाली आणि उरलेले कैदी अंदमानला गेले, जिथे सिंगापूर व मौलमीन येथे कैद्यांचे काम पाहिलेल्या हेन्री मॅनने हीच घडी आधीच बसवली होती. मराठी वाचकाला ती सावरकरांच्या ‘माझी जन्मठेप’मुळे परिचित आहे, वॉर्डर, पेटी अफसर, तांडेल, जमादार ही कैद्यांचीच उतरंड किती जुलमी होऊ शकते, याचे चित्र तेथे आहे. सिंगापुरात ज्याने नाव पैलतीराला नेली, तोच अंदमानात चाबूक झाला. सावरकरांची १९२४ मधील सुटकाही अटींवरच होती, रत्नागिरी जिल्ह्याबाहेर न जाण्याच्या आणि राजकारणात भाग न घेण्याच्या; पण त्या अटींवर लक्ष ठेवणारे होते ते सरकारी अंमलदार आणि पोलीस. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ५६२ नेही पहिल्या गुन्ह्यासाठी चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्याची सोय केली, मात्र सोडलेल्याच्या पाठीशी कोणी नेमला नाही.

ही पोकळी भरली ती १९१९-२० च्या भारतीय तुरुंग समितीने, आणि तिचा अध्यक्ष सर अलेक्झांडर कार्ड्यू हा मद्रासच्याच मुलकी सेवेतला, १९१९ मध्ये काही दिवस त्या इलाख्याचा हंगामी गव्हर्नर राहिलेला अधिकारी होता. समितीने अंदमानची पाठवणी बंद करण्याचा, परिवीक्षेचा आणि सुटकेनंतरच्या मदतीचा पुरस्कार केला. कैद्यांनाच हुद्देदार करण्याच्या प्रथेकडे मात्र तिने नापसंतीने पाहिले. तांडेलाची खुर्ची राहिली, बाक काढून घेतले गेले, असे या घटनेचे वर्णन करता येईल. मद्रासने १९२० मध्ये देशातला पहिला मुलांचा कायदा केला आणि १९२५ च्या बोर्स्टल कायद्याने तरुण कैद्यांना मुदतीआधी देखरेखीखाली परवान्यावर सोडण्याची वाट उघडली. ही बोर्स्टल शाळा तंजावरला होती.  परिवीक्षेचा स्वतंत्र कायदा मद्रासने १९३६ चा म्हणून संमत केला. त्याच वर्षी मध्य प्रांत व वऱ्हाडानेही तो केला, आणि नागपूरकरांनी अग्रमान मागितला तर तो नाकारण्याचे कारण नाही.

मुंबई इलाख्याची शाखा वेगळ्या खोडातून फुटली. तेथे मुलांचे कायदे, सोलापूरसारख्या ठिकाणच्या तथाकथित गुन्हेगार जमातींच्या वसाहती आणि १९३६ मध्ये मुंबईत निघालेली सर दोराबजी टाटा समाजकार्य शाळा या तिन्हींमधून पेशा घडला. १९३८ चा मुंबईचा कायदा त्यानंतर आला. औंध संस्थानात मॉरिस फ्रिडमन आणि पंतप्रतिनिधींनी आटपाडीजवळ वसवलेले स्वतंत्रपूर, जेथे कैदी कुटुंबासह भिंतींवाचून राहू लागले, हे रॅफल्सच्या पहिल्या वर्गाचे अजाणता झालेले पुनरुज्जीवन मानण्यास हरकत नसावी. मद्रासला समाजकार्याची शाळा १९५२ मध्ये मिळाली, आणि तिची संस्थापक मेरी क्लबवाला ही पारशी स्त्री मेजर चंद्रकांत जाधव यांच्याशी विवाह करून जाधव झाली होती. आजही तमिळनाडूत परिवीक्षेची शाखा तुरुंग खात्यात आहे आणि महाराष्ट्रात ती महिला व बालविकास खात्याकडे. पहिली तांडेलाच्या घराण्यातली आणि दुसरी शाळेच्या, एवढा फरक या मांडणीतून स्पष्ट होतो.

नियमांतही तो उमटला आहे. महाराष्ट्रात १९५९ च्या नियमांखाली कैद्याला ‘संचित रजा’ आणि ‘अभिवचन रजा’ मिळते. तमिळनाडूत १९८२ च्या नियमांत सुटीला साधे ‘लीव्ह’ म्हटले आहे, जे सिंगापूरच्या तिकिटावरही होते. मैलापुरातल्या एखाद्या कैद्याने अशी रजा मागितली की दोन चौकश्या निघतात. एक पोलिसांकडून येते. दुसरी नन्नडत्तै अलुवलर करतो. घरचे त्याला ठेवून घ्यायला राजी आहेत का, तो झोपणार कुठे, खर्च कोण उचलणार, ज्याच्यावर अन्याय झाला त्याचे घर किती जवळ आहे आणि शेजारपाजाऱ्यांचे काय म्हणणे आहे, हे प्रश्न त्याच्या अहवालात असतात, आणि दोन अहवालांत मतभेद झाला तर निर्णय तुरुंगाच्या अधिकाऱ्यांना घ्यावा लागतो. हे प्रश्न विचारणारा आज पदवी घेऊन, परीक्षा देऊन आलेला असतो; बाकावरचा अनुभव असलेल्या माणसाला, म्हणजे स्वतः शिक्षा भोगून आलेल्याला, या कामावर पगार देऊन घ्यावे की नाही, हा प्रश्न मात्र १९२० पासून दोन्ही राज्यांत तसाच बाजूला ठेवलेला आहे.