कमांड लाइनवरून वर्डप्रेसचे व्यवस्थापन : डब्ल्यूपी-सीएलआय

वर्डप्रेसवर चालणाऱ्या संकेतस्थळाचा कारभार ब्राउझर न उघडता, केवळ लिखित आज्ञांच्या आधारे पाहण्याचे साधन म्हणजे डब्ल्यूपी-सीएलआय. लेख प्रसिद्ध करणे, प्लगइन अद्ययावत करणे, डेटाबेसची प्रत काढणे ही एरवी डॅशबोर्डवर होणारी कामे येथे सर्व्हरच्या टर्मिनलमध्ये एकेका ओळीने होतात. हे साधन मुक्त स्रोत व विनामूल्य आहे.

पार्श्वभूमी

वर्डप्रेसची पहिली आवृत्ती २७ मे २००३ रोजी प्रसिद्ध झाली. ‘बी२’ या आधीच्या प्रणालीच्या पायावर मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी ती उभारली. प्रणाली पीएचपी भाषेत लिहिलेली असून लेख, सदस्य व मांडणी यांची नोंद मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी डेटाबेसमध्ये राहते. डब्ल्यूपी-सीएलआयचा आरंभ २०११ मध्ये झाला. २०१६ च्या अखेरीस त्याची १.० ही आवृत्ती आली आणि त्याच सुमारास त्याला वर्डप्रेस प्रकल्पात अधिकृत स्थान मिळाले.

आज्ञेची घडण

प्रत्येक आज्ञा ‘डब्ल्यूपी’ या शब्दाने सुरू होते. त्यापुढे विषय, मग क्रिया आणि शेवटी पर्याय येतो. ‘डब्ल्यूपी प्लगइन लिस्ट’ ही आज्ञा सर्व प्लगइनांची यादी देते. ‘डब्ल्यूपी कोअर अपडेट’ मूळ प्रणाली अद्ययावत करते. ‘डब्ल्यूपी लँग्वेज कोअर इन्स्टॉल’ या आज्ञेपुढे मराठीचा ‘एमआर’ हा संकेत दिला, की मराठी भाषांतर स्थापित होते. आज्ञा अर्थातच रोमन लिपीत टंकाव्या लागतात. त्यांतून हाताळला जाणारा मजकूर मात्र कोणत्याही लिपीतला चालतो.

डॅशबोर्ड बंद पडल्यावर

एखाद्या प्लगइनमधील दोषामुळे संकेतस्थळाच्या जागी कोरे पान दिसू लागते आणि अनेकदा डॅशबोर्डचे दारही बंद होते. अशा वेळी ‘स्किप-प्लगइन्स’ हा पर्याय जोडल्यास आज्ञा चालताना प्लगइनांचा कोड वाचला जात नाही. त्यामुळे दोषी प्लगइन निष्क्रिय करून संकेतस्थळ पूर्ववत करता येते. बाहेरून कोणी शिरकाव केल्याचा संशय असेल, तर ‘डब्ल्यूपी कोअर व्हेरिफाय-चेकसम्स’ ही आज्ञा मूळ प्रणालीच्या फायली अधिकृत प्रतीशी ताडून बदललेल्या फायली दाखवते. अधिकृत संग्रहातील प्लगइनांसाठीही अशीच स्वतंत्र आज्ञा आहे.

देवनागरी आणि बाइटांचा हिशेब

संकेतस्थळाचा पत्ता किंवा संस्थेचे नाव बदलले, की हजारो नोंदींमध्ये तो बदल करावा लागतो. डेटाबेसमध्ये थेट शोधून बदलण्याचा मोह येथे घातक ठरतो. विजेट व थीम यांची पुष्कळशी मांडणी वर्डप्रेस एका गाठोड्याच्या रूपात साठवते आणि त्यात प्रत्येक शब्दाआधी त्याची लांबी बाइटांत नोंदवते. देवनागरीतील प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ पद्धतीत तीन बाइट व्यापते. ‘गोवा’ हा शब्द डोळ्यांना दोन अक्षरांचा दिसतो. पण दोन व्यंजने व दोन मात्रा मिळून संगणक तेथे १२ बाइट मोजतो. त्याजागी ‘गोमंतक’ असे लिहिले, तर लांबी १८ बाइट होते. आधीचा आकडा १२ च राहिला, तर पीएचपीला ते गाठोडे उघडता येत नाही आणि त्यातील सारी मांडणी हरवल्यासारखी होते.

‘डब्ल्यूपी सर्च-रिप्लेस’ ही आज्ञा गाठोडे उघडते, शब्द बदलते आणि नवी लांबी नोंदवून ते पुन्हा बांधते. ‘ड्राय-रन’ हा पर्याय जोडल्यास प्रत्यक्ष काहीही न बदलता, कोणत्या तक्त्यात किती बदल होतील याचा आकडा दिसतो.

मराठी लेखांच्या पत्त्यांबाबतही बाइटांचा हा हिशेब नडतो. पत्त्यात देवनागरीचे एकेक चिन्ह नऊ रोमन चिन्हांत रूपांतरित होते आणि शीर्षकावरून बनणाऱ्या भागाला २०० चिन्हांची मर्यादा आहे. म्हणजेच मात्रा व अनुस्वार धरून जेमतेम २२ देवनागरी चिन्हे त्यात मावतात; लांब मथळ्याचा पत्ता मध्येच तुटतो. ‘डब्ल्यूपी पोस्ट लिस्ट’ या आज्ञेने सर्व लेखांचे शीर्षक व पत्ता यांची एकत्र यादी काढता येते आणि असे तुटलेले पत्ते हाती लागतात.

घ्यावयाची दक्षता

कमांड लाइनवर ‘मागे घ्या’ अशी सोय नाही. लेख हटवण्याची आज्ञा साधारणतः लेख कचरापेटीत टाकते. ‘फोर्स’ जोडल्यास तो कायमचा जातो. ‘डब्ल्यूपी डीबी रिसेट’ संपूर्ण डेटाबेस रिकामा करते. ती आधी खात्री करून घेते; पण ‘येस’ हा पर्याय दिल्यास तेवढाही प्रश्न विचारला जात नाही. ज्या संस्थेचे वर्षानुवर्षांचे लेखन एकाच डेटाबेसमध्ये आहे, तिच्यासाठी अशी एक ओळ पुरेशी असते. म्हणून कोणत्याही मोठ्या बदलापूर्वी ‘डब्ल्यूपी डीबी एक्स्पोर्ट’ने प्रत काढावी, रंगीत तालीम घ्यावी आणि पडद्यावर आलेले आकडे वाचूनच पुढे जावे.

काढलेली प्रत कोठे ठेवली जाते, याकडेही लक्ष हवे. वेगळे ठिकाण न सांगितल्यास ती चालू फोल्डरमध्येच उतरते. ते फोल्डर संकेतस्थळाचे सार्वजनिक फोल्डर असेल, तर सदस्यांच्या ईमेल पत्त्यांसह साठवलेली ती फाइल कोणालाही उतरवून घेता येऊ शकते. आज्ञेत टंकलेला पासवर्डही टर्मिनलच्या इतिहासात नोंदला जातो.

या साधनासाठी सर्व्हरवर एसएसएच प्रवेश लागतो. स्वस्त सामायिक होस्टिंगमध्ये तो प्रत्येक वेळी मिळतोच असे नाही. सर्व्हरच्या ‘रूट’ खात्यातून आज्ञा दिल्यास डब्ल्यूपी-सीएलआय ती मुळात नाकारते. कारण संकेतस्थळावरील प्रत्येक प्लगइनच्या हाती तेवढ्यापुरते संपूर्ण सर्व्हरचे अधिकार जातात. यासाठी संकेतस्थळाच्या स्वतःच्या खात्यातूनच काम करणे योग्य होय.