काळजीचे काय करायचे? नगरच्या इतिहासातले तीन दाखले

मराठीत ‘काळजी’ हा मोठा गमतीचा शब्द आहे. परगावी निघालेल्या मुलाला आई सांगते, ‘काळजी घे’ आणि लगेच पुढे म्हणते, ‘माझी काळजी करू नकोस’. शब्द एकच, पण घ्यायची ती काळजी चांगली आणि करायची ती वाईट! ‘चिंता’, ‘घोर’, ‘धास्ती’, ‘विवंचना’ हे शब्द असे दुतोंडी नाहीत. काळजी मात्र काळजाच्या अगदी शेजारची. तिच्यात जपणूक आहे आणि जाळणूकही आहे. इंग्रजीत काळजीसाठी जो ‘वरी’ शब्द वापरतात, त्याचा जुना अर्थ गळा दाबणे असा होता. कुत्र्याने मेंढीची मान धरून तिला हिसडे द्यावेत, त्यालाही हाच शब्द. जपणुकीची छटा त्यात औषधालाही सापडत नाही.

हा इंग्रजी शब्द काढायचे कारण असे, की ‘डोन्ट वरी, बी हॅपी’ हे चार इंग्रजी शब्द जगभर पोहोचले, त्यांचे एक मूळ आपल्या अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात आहे. नगर शहरातून मनमाड रस्त्याला लागले की नागापूर येते. तिथली औद्योगिक वसाहत सर्वांना ठाऊक असते. त्याच उत्तरेच्या बाजूला, पिंपळगाव माळवीजवळ ‘मेहेराझाद’ नावाची वास्तू आहे. मेहेरबाबांचा, म्हणजे पुण्यात १८९४ मध्ये जन्मलेल्या मेरवान शेरियार इराणी यांचा, मुक्काम शेवटच्या काळात तेथे असे. १० जुलै १९२५ पासून त्यांनी मौन धरले ते ३१ जानेवारी १९६९ रोजी निधन होईपर्यंत. आधी ते अक्षरफलकावर बोट ठेवून आणि १९५४ नंतर नुसत्या खुणांनी आपले म्हणणे सांगत. त्यांची समाधी शहराच्या दुसऱ्या अंगाला, अरणगावजवळ आहे.

त्यांचे हे चार शब्द भित्तिपत्रकांवर छापून अमेरिकेत पोहोचले. बॉबी मॅक्फेरिन या गायकाने सॅन फ्रान्सिस्कोत आपल्या एका कलावंत जोडप्याच्या घरी असे एक भित्तिपत्रक पाहिले आणि त्यावरून गाणे रचले. सप्टेंबर १९८८ मध्ये ते अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. एकही वाद्य नसलेले, फक्त माणसाच्या आवाजावर उभे असलेले गाणे या जागी पोहोचण्याची ती पहिलीच वेळ होती.

श्रद्धेचा भाग आपण श्रद्धावानांकडे सोपवू. पण एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. अनुयायांमध्ये प्रचलित असलेल्या त्यांच्या पूर्ण वचनात ‘आधी आपल्या परीने होईल तेवढे करा’ असा भाग सुरुवातीला येतो आणि काळजी न करण्याचे त्यानंतर. भित्तिपत्रकावर मावला तो उत्तरार्ध. पूर्वार्ध गळल्यावर जे उरते, ते आपण सगळेच एकमेकांना सांगत असतो. परीक्षेच्या दालनात शिरणाऱ्या मुलाला आपण शिक्षक काय सांगतो? ‘घाबरू नकोस, काळजी करू नकोस.’ याने काळजी कमी होते का?

डॅनियल वेग्नर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग इथे उपयोगी पडतो. विद्यार्थ्यांना त्याने सांगितले, की पाच मिनिटे मनात येईल ते बोलत राहा, फक्त पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका. आलाच तर घंटी वाजवा. घंट्या वाजतच राहिल्या. पुढची गंमत अशी, की नंतर ‘आता अस्वलाचा विचार करा’ म्हटल्यावर या विद्यार्थ्यांच्या मनात अस्वल जितक्या वेळा आले, तितके ते आधी मनाई न झालेल्या विद्यार्थ्यांच्या मनात आले नाही. एखादा विचार येऊ द्यायचा नाही असे ठरवले, की तो आला की काय हे पाहायला मनाला पहारेकरी बसवावा लागतो. आणि पहारेकऱ्याला चोराचा चेहरा सतत आठवावा लागतो. वर्गात हा प्रयोग दोन मिनिटांत करून पाहता येतो. मुलांना भारी आवडतो.

काळजीशी झुंजणाऱ्या माणसांची यापेक्षा कितीतरी सविस्तर नोंद नगरच्याच किल्ल्यात झालेली आहे, आणि तीही प्रयोगशाळेतली नव्हे.

९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे मुंबईत काँग्रेसच्या नेत्यांची धरपकड झाली. गांधीजींना पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये नेले आणि कार्यकारिणीतल्या बाकीच्यांना घेऊन गाडी नगरला आली. चांदबिबीने १५९५-९६ मध्ये मोगलांविरुद्ध लढवलेल्या या किल्ल्यात बाराजण बंदिस्त झाले : मौलाना आझाद, जवाहरलाल नेहरू, वल्लभभाई पटेल, गोविंद वल्लभ पंत, आचार्य कृपलानी, आचार्य नरेंद्र देव, असफ अली, सय्यद महमूद, पट्टाभि सीतारामय्या, प्रफुल्लचंद्र घोष, हरेकृष्ण महताब आणि आपल्याकडचे शंकरराव देव. बहुतेकांना तुरुंग नवा नव्हता. पण या वेळी सुटका कधी होणार हे ठाऊक नव्हते. सुरुवातीला वर्तमानपत्रेही मिळत नव्हती. बाहेर गोळीबार चालू आहेत, आपल्या घरचे कोण कुठे आहे माहीत नाही, आणि काही करता येण्याजोगे हातात नाही. काळजी वाढायला याहून पोषक हवामान कुठले?

या बाराजणांनी काय केले? त्यांनी दिवस भरून टाकला. नेहरूंनी बागकाम काढले. किल्ल्यातली माती निकस, दगडगोट्यांची आणि जुन्या बांधकामांच्या राबिटाने भरलेली. ती खणून त्यांनी फुलांचे वाफे केले. पुढे १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत त्यांनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हाताने लिहून काढले. त्याची सुमारे हजार पाने भरली. नरेंद्र देव ‘अभिधर्मकोशा’त बुडाले. पट्टाभींनीही एक पुस्तक लिहिले. बाराजणांत संस्कृत, फारसी, अरबी, बंगाली, उडिया जाणणारी माणसे होती. नेहरूंनी आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत सोबत्यांशी झालेल्या या चर्चांचे ऋण मानले आहे.

पण काळजी म्हणजे काय, हे सर्वांत प्रामाणिकपणे लिहून ठेवले ते मौलाना आझादांनी. ते तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते. पहाटे तीन-चारला उठून ते स्वतः चिनी चहा करीत आणि एका स्नेह्याला पत्रे लिहीत. पत्रे टपालात पडणार नाहीत हे त्यांना ठाऊक होते. तरी ती लिहिली, आणि १९४६ मध्ये ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने प्रसिद्ध झाली. त्यांत चहावर पाने आहेत, संगीतावर आहेत, खोलीत घरटी करणाऱ्या चिमण्यांशी प्रथम केलेले युद्ध आणि मग झालेली दोस्ती यांवर तर दोन पत्रे आहेत.

१९४३ च्या आरंभी कलकत्त्याहून पत्नी जुलेखा बेगम आजारी असल्याचे कळले. मार्चअखेर प्रकृती गंभीर झाली. तुरुंगाच्या अधीक्षकाने सुचवले, की सरकारकडे काही विनंती करायची असेल तर मी ती ताबडतोब पाठवतो. आझादांनी विनंती करायची नाही असे ठरवले. ९ एप्रिल १९४३ रोजी जुलेखा बेगम गेल्या. दोन दिवसांनी लिहिलेल्या पत्रात त्या आधीच्या दिवसांचे वर्णन आहे. रोज दुपारी अधिकारी वर्तमानपत्र घेऊन येई. त्याची पावले वाजली, की यांची छाती धडधडू लागे. कोच असा ठेवलेला, की दाराकडे पाठ असावी आणि आत येणाऱ्याला चेहरा चटकन दिसू नये. अधिकारी समोर आला, की हसून खुणेने ‘ठेवा टेबलावर’ म्हणायचे आणि आपण लिहिण्यात गढल्याचे दाखवायचे, जणू वर्तमानपत्राची काही घाईच नाही! आणि मग ते स्वतःच कबूल करतात, की हा सारा देखावा होता, मनाच्या अभिमानाने उभा केलेला.

मला हा उतारा मानसशास्त्राच्या कितीतरी क्रमिक पुस्तकांपेक्षा मोलाचा वाटतो. चेहरा आवरता येतो, दिनक्रम पाळता येतो, पण छातीतली धडधड हुकमाने थांबत नाही, हे इतक्या स्पष्टपणे एखादा मोठा पुढारी क्वचितच लिहितो.

किल्ल्यातल्या या उपायांकडे विज्ञान कसे पाहते? काळजीचा स्वतंत्र अभ्यास त्यानंतर बऱ्याच वर्षांनी सुरू झाला. भीती आणि नैराश्य यांवर ग्रंथच्या ग्रंथ होते. रोजच्या काळजीकडे मात्र १९८३ च्या सुमारास, पेनसिल्व्हानियात टॉमस बोरकोव्हेक आणि सहकाऱ्यांनी नेटाने लक्ष दिले. त्यांना आढळले, की काळजी ही मुख्यतः चित्रांची नसून शब्दांची असते. ‘असे झाले तर? मग तसे झाले तर?’ अशी मनातल्या मनातली बडबड! ती प्रश्न सोडवण्यासारखी भासते, पण उत्तरापाशी पोहोचत नाही. घाण्याच्या बैलासारखी चाल खूप, अंतर शून्य.

त्यांनी सुचवलेला उपाय ऐकायला विचित्र आहे. काळजी करू नका असे नव्हे, तर वेळापत्रक लावून करा. रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी अर्धा तास बसून मनसोक्त काळजी करायची. दिवसभरात एरवी ती आली, तर ‘संध्याकाळी पाहू’ म्हणून पुढे ढकलायची आणि हातातल्या कामाकडे वळायचे. चार आठवड्यांत लोकांची दिवसभराची काळजी कमी झालेली दिसली. अस्वलाला हाकलायचे नाही, त्याला भेटीची वेळ द्यायची. आझादांची पहाट आणि त्यांची पत्रे यांचे या उपायाशी असलेले नाते लपत नाही. मात्र त्यांनी ते काही उपचार म्हणून केले नव्हते, हेही विसरू नये.

लिहिण्याचाही पुढे अभ्यास झाला. १९८६ मध्ये जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी विद्यार्थ्यांना चार दिवस रोज पंधरा मिनिटे आपल्या आयुष्यातल्या सर्वांत त्रासदायक घटनेविषयी लिहायला लावले. जे घडले ते आणि मनाला जे वाटले ते, असे दोन्ही लिहिणारे विद्यार्थी पुढच्या सहा महिन्यांत दवाखान्यात कमी वेळा गेले. २००६ मध्ये अशा १४६ अभ्यासांची गोळाबेरीज झाली, तेव्हा फायदा दिसला, पण लहानसा.

शिक्षकांना जास्त जवळचा प्रयोग २०११ मधला. शिकागोत रामिरेझ आणि बेलॉक यांनी परीक्षेपूर्वी दहा मिनिटे मुलांना परीक्षेविषयीची धास्ती कागदावर उतरवायला सांगितली, आणि घाबरणाऱ्या मुलांचे गुण वाढलेले आढळले. ही बातमी जगभर गाजली. मात्र नामवंत नियतकालिकांतले २१ प्रयोग पुन्हा करून पाहणारा एक मोठा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात हा परिणाम पुन्हा दिसला नाही. म्हणून वर्गात करून पाहायला हरकत नाही. दहा मिनिटे आणि एक कागद एवढाच खर्च आहे. पण पालकसभेत त्याची हमी देऊ नये.

इथवर आपण मनाच्या आतल्या उपायांविषयी बोललो. नगर जिल्हा पर्जन्यछायेतला. इथल्या बहुतेक माणसांची काळजी ‘असे झाले तर’ अशी हवेतली नसते. पाऊस खरोखरच येत नाही, विहीर खरोखरच आटते. अशा माणसाला काळजीची वेळ ठरवून घ्या म्हणणे हा चावटपणा होईल. १९७२ च्या दुष्काळाने जी काळजी दिली, ती ‘उद्या हाताला काम मिळेल का’ ही होती. तिच्यावरचा उपाय रोजगार हमी योजनेच्या रूपाने आला आणि १९७७ मध्ये त्याचा कायदा झाला.

जामखेडचा दाखला याहून बारकाईने पाहण्यासारखा आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तेथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. तेव्हा घरात तान्हे मूल असणे म्हणजेच घोर असणे होते. प्रकल्पाच्या नोंदींप्रमाणे १९७१ मध्ये दर हजारी १७६ बालके वर्षाच्या आत दगावत. मुलाला जुलाब लागले, की आईने करायचे काय? बहुतेक ठिकाणी पाणी बंद करीत. आरोळ्यांनी गावागावांतल्या बायकांनाच आरोग्यसेविका म्हणून तयार केले. त्यांतल्या अनेकजणी निरक्षर, अनेक दलित. आठवड्यातून एकदा त्या जामखेडला जमत, शिकत, मुक्कामाला राहत आणि रात्री एकमेकींना आपले गाऱ्हाणे सांगत. मूल वजन करून पाहणे, बाळंतपण स्वच्छ हातांनी करणे, जुलाबात मीठ-साखरेचे पाणी पाजत राहणे, हे गावात पोहोचले. पिण्याच्या पाण्यासाठी कूपनलिका खोदल्या, त्याही दलित वस्तीत.

१९९३ पर्यंत बालमृत्यूचे प्रमाण हजारी १९ वर आले होते. मुलाला जुलाब लागले, की आईला अजूनही काळजी वाटते. पण आता तिला भांडे, मीठ, साखर आणि पाणी घ्यायचे ठाऊक असते. आणि उतार पडला नाही, तर कोणाचे दार वाजवायचे तेही.