पाटीवरचा ‘ल’ कुठून आला?

डिझाइन शिकणाऱ्या मुलांना बरेचदा एक काम मिळतं: गावात फिरा आणि अक्षरांचे फोटो काढून आणा. दुकानांच्या पाट्या, एसटीचे फलक, रिक्षांच्या पाठी. तुम्हीही हे कधी करून बघा. आणि करताना फक्त दोन अक्षरांवर डोळा ठेवा, ‘ल’ आणि ‘श’. आजचा भाग त्यांच्याबद्दल आहे.

जुन्या, हातानं रंगवलेल्या मराठी पाटीवर ‘ल’ला दोन बाजूंना दोन पाकळ्या दिसतील. नव्या फ्लेक्सवर मात्र बरेचदा उजवीकडे उभा दंड असलेला ‘ल’ असतो. ‘श’चंही तसंच. मराठी ‘श’ देठाचा, हिंदी ‘श’ गाठीचा. दोन्ही रूपं बरोबरच आहेत, पण वळणं दोन वेगळ्या परंपरांची.

ही वळणं घट्ट कशी झाली? त्यासाठी एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईत जावं लागतं. तेव्हा रोजचं मराठी लिखाण मोडीत चालायचं, छपाईसाठी मात्र बाळबोध रुळली. गणपत कृष्णाजींनी शिळाछापावर पंचांग काढलं ते १८३१ साली. शिळाछापात अक्षर हातानंच लिहिलेलं असतं, त्यामुळे वळण लिहिणाऱ्याचं. शिशाचे खिळे आले की गोष्ट बदलते. एकदा साचा कोरला की तेच वळण हजारो पानांवर उमटतं.

इथे जावजी दादाजींचं नाव येतं. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात लहान वयात कामाला लागलेला हा माणूस. त्यांनी १८६४ मध्ये स्वतःची टाइप फाउंड्री काढली आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. अक्षरांचे साचे कोरायला राणोजी रावजी आरू होते. निर्णयसागरची संस्कृत पुस्तकं देशभर गेली आणि त्यांच्याबरोबर मुंबई वळणाची अक्षरंही गेली. पुढे हिंदीनं मुंबईचे ‘अ’, ‘झ’, ‘ण’ आपलेसे केले. ‘ल’ आणि ‘श’ मात्र तिनं स्वतःचेच ठेवले. म्हणजे आज हिंदी वाचणारा माणूस जो ‘अ’ लिहितो, तो या मुंबईच्या वळणाचा!

मग आपलीच दोन अक्षरं आपल्या पाट्यांवरून का जातायत? कारण साधं आहे. युनिकोडमध्ये ‘ल’ला संकेतांक एकच. तो दिसणार कसा, हे फॉन्ट ठरवतो. आणि संगणकावर आयता मिळणारा फॉन्ट बहुतेक वेळा हिंदी वळणाचा. काही फॉन्टांत मराठी रूपही असतं, पण मजकुराची भाषा मराठी आहे असं सांगितलं तरच ते दिसतं. फ्लेक्सच्या दुकानात एवढं कोण करणार? पूर्वी पेंटरच्या मनगटात जे वळण होतं, ते आता एका सेटिंगमागे लपलंय.

महाराष्ट्र शासनानं २००९ मध्ये प्रमाण वर्णमालेचा निर्णय काढून पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ वापरायला सांगितलं. पण कागदावरचा निर्णय दुकानाच्या पाटीपर्यंत आपोआप पोचत नाही. पाटी करून घेणाऱ्यानं ‘ल मराठी हवा’ असं सांगावं लागतं.

म्हणून विद्यार्थी मित्रांनो, फोटो काढाच, आणि सोबत गाव, साल आणि जमलं तर पेंटरचं नावही टिपून ठेवा. छापील खिळ्यांचा इतिहास पुस्तकांत सापडतो. रंगवलेल्या पाट्यांचा सापडत नाही, आणि पाटी उतरली की तो संपतो.

भेटूया पुढच्या भागात.