कॉलेज नाही, फी नाही, पहिल्या दिवसापासून पगार : अमेरिकेत आयर्नवर्कर कसं बनतात?

न्यूयॉर्कच्या आकाशात एका लोखंडी तुळईवर पाय खाली सोडून डबा खात बसलेले ११ कामगार. १९३२ साली रॉकफेलर सेंटरच्या बांधकामावर, ६९ व्या मजल्यावर काढलेला हा कृष्णधवल फोटो बहुतेकांनी कुठे ना कुठे पाहिलेला असतो. प्रसिद्धीसाठी मुद्दाम काढलेला असला तरी त्यातली माणसं खरी कामगार होती. अशा कामगारांना अमेरिकेत ‘आयर्नवर्कर’ म्हणतात, आणि हे काम आजही तिथे कॉलेजात नाही, तर पगारी अप्रेंटिसशिपमध्ये शिकवलं जातं.

आयर्नवर्कर नेमकं काय करतो?

आयर्नवर्कर म्हणजे लोहार नव्हे. तो लोखंड घडवत नाही, उभं करतो. या कामाचे मुख्य प्रकार असे :

- स्ट्रक्चरल : क्रेननं वर आलेले खांब आणि तुळया जागेवर बसवून बोल्टनं जोडणं.
- रीइन्फोर्सिंग : काँक्रीट ओतण्याआधी सळयांची जाळी बांधणं. आपल्याकडच्या बांधकामांवर सळई बांधणारे कारागीर हेच काम करतात.
- ऑर्नामेंटल : जिने, कठडे आणि इमारतीच्या बाहेरच्या काचेच्या भिंती बसवणं.
- रिगिंग : अवजड यंत्रं उचलून जागेवर नेणं.

वेल्डिंग यातल्या बऱ्याच कामांत लागतं, त्यामुळे ते शिकावंच लागतं.

प्रवेश कसा मिळतो?

या कामगारांची युनियन १८९६ साली पिट्सबर्गमध्ये स्थापन झाली. अमेरिका आणि कॅनडात तिच्या स्थानिक शाखा आहेत, त्यांना ‘लोकल’ म्हणतात. उमेदवार आपल्या भागातल्या लोकलच्या प्रशिक्षण केंद्रात अर्ज करतो. वय साधारण १८ पूर्ण, शालेय शिक्षण किंवा त्याच्या तोडीचं प्रमाणपत्र, अंगात ताकद आणि कामावर वेळेत पोहोचायची सोय, इतकं लागतं. मुलाखत होते, अमली पदार्थांची चाचणी होते, काही ठिकाणी गणिताची परीक्षाही असते. काही लोकल उमेदवाराला खांबावर चढून दाखवायला सांगतात. उंचीची भीती असेल, तर ती तिथेच कळते.

पगार किती आणि फी कोण भरतं?

अप्रेंटिसशिप साधारण ३ ते ४ वर्षांची असते. वर्षाला सुमारे २,००० तास साइटवर पगारी काम आणि किमान १४४ तास वर्गात शिक्षण. वर्गात नकाशे वाचणं, वेल्डिंग, रिगिंग, क्रेनला इशारे देणं आणि सुरक्षा शिकवतात.

पूर्ण शिकलेल्या कारागिराला ‘जर्नीमन’ म्हणतात. अप्रेंटिसचा पगार बहुतेक ठिकाणी जर्नीमनच्या ५० ते ६० टक्क्यांपासून सुरू होतो आणि ठरावीक टप्प्यांवर वाढत जातो. शिक्षणाचा खर्च मुख्यतः कंत्राटदार उचलतात. कामाच्या प्रत्येक तासामागे ते ठरलेली रक्कम प्रशिक्षण निधीत भरतात. हा निधी आणि अभ्यासक्रम युनियन व कंत्राटदार मिळून चालवतात. युनियनची वर्गणी, बूट आणि हत्यारं मात्र अप्रेंटिसला स्वतःच्या खिशातून घ्यावी लागतात.

पहिल्या वर्षी काय करावं लागतं?

ओझी वाहणं. बोल्टच्या बादल्या, सळयांचे भारे, साखळ्या. कमरेच्या पट्ट्याला ‘स्पड रेंच’ असतो. त्याचं एक टोक पान्याचं, दुसरं निमुळतं. निमुळतं टोक दोन तुळयांच्या भोकांत घालून ती एका रेषेत आणायची आणि मग बोल्ट घालायचा. वर चढून तुळया जोडणाऱ्याला ‘कनेक्टर’ म्हणतात. ते काम अनुभवानंतर आणि वेगळ्या प्रशिक्षणानंतरच मिळतं.

रीलमध्ये न सांगितली जाणारी बाजू

‘डिग्री नाही, तरी डॉलरमध्ये कमाई’ हे वाक्य खोटं नाही, पण अपुरं आहे. इमारत उभी राहिली की काम संपतं. मग लोकलच्या यादीत नाव लावून पुढच्या कामाची वाट बघायची. पाऊस, बर्फ किंवा जोराचा वारा असेल तर काम बंद, आणि काम नाही त्या तासांचा पगारही नाही. पाठ आणि गुडघे लवकर कुरकुरायला लागतात.

शिवाय जीवाचा धोका. अमेरिकेतल्या सर्वाधिक मृत्युदराच्या व्यवसायांत हे काम नेहमी असतं. १९०७ साली कॅनडात क्यूबेकचा पूल बांधकाम सुरू असतानाच कोसळला आणि ७५ कामगार गेले. त्यातले ३३ जण काहनवागे या एकाच मोहॉक वस्तीतले होते. आता १५ फुटांच्या वर काम करताना पडण्यापासून संरक्षण देणं हा सर्वसाधारण नियम आहे. कनेक्टरना ३० फुटांपर्यंत काही सवलत असली, तरी पट्टा आणि तो अडकवायची सोय द्यावीच लागते.

महिलांची संख्या इथे अजूनही फार कमी आहे. मात्र २०१७ साली या युनियननं पगारी बाळंतपणाची रजा सुरू केली. बांधकाम क्षेत्रातल्या युनियनमध्ये हे पहिल्यांदाच घडलं.

भारतातून जाता येतं का?

अर्ज करणाऱ्याकडे अमेरिकेत काम करण्याची कायदेशीर परवानगी आधीच असावी लागते. अप्रेंटिसशिप म्हणजे व्हिसा नव्हे. त्यामुळे ‘पैसे भरा, अप्रेंटिस म्हणून पाठवतो’ असं सांगणाऱ्या एजंटपासून लांब राहणंच बरं.

आपल्याकडे काय फरक आहे?

भारतात १९६१ पासून अप्रेंटिस कायदा आहे. आयटीआयमधून फिटर किंवा वेल्डर झालेली मुलं त्याखाली कारखान्यांत शिकाऊ उमेदवार म्हणून लागतात आणि त्यांना विद्यावेतन मिळतं. पण हा कायदा शिकाऊ उमेदवाराला ‘कामगार’ मानत नाही, प्रशिक्षणार्थी मानतो. अमेरिकेतला आयर्नवर्कर अप्रेंटिस पहिल्या दिवसापासून कर्मचारी असतो. त्याला पगार मिळतो आणि पगारवाढीचे टप्पे आधीच लिहून ठरलेले असतात. आपल्याकडे सळई बांधणारा कारागीर तर बहुतेक वेळा मुकादमाच्या हाताखालीच शिकतो. कौशल्य तेच, पण दहा वर्षं काम करूनही ते सिद्ध करणारा कागद अनेकांकडे नसतो.