दापोडीचा अनामिक चित्रकार

आधी एक खुलासा. दापोली नव्हे, दापोडी! झाडं, बागा, संशोधन म्हटलं की आपल्याला कोकणातलं कृषी विद्यापीठ आठवतं. मी बोलतोय ते लोणावळ्याहून पुण्याकडे येताना कासारवाडीनंतर आणि खडकीच्या आधी लागणाऱ्या स्टेशनबद्दल. आपल्यासारखे बरेच जण रोज त्यावरून जातात, पण उतरत कुणी नाही. इंग्रजांच्या कागदपत्रांत या गावाचं नाव 'दापुरी' आहे, आणि जगभरातल्या वनस्पतीचित्रांच्या अभ्यासकांना आपली दापोडी माहीत आहे ती याच नावाने. 'दापुरी ड्रॉइंग्ज' या चित्रसंग्रहामुळे.

गोष्ट सुरू होते पेशवाईच्या शेवटापासून. पेशव्यांच्या नोकरीतली, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची एक पलटण दापोडीला होती. तिचा प्रमुख कॅप्टन फोर्ड. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली तेव्हा ही पलटण (अर्थातच!) इंग्रजांना जाऊन मिळाली. जरीपटका घेऊन लढणारे मोरोपंत दीक्षित त्या दिवशी या पलटणीवर चाल करून जाताना पडले. ते आणि फोर्ड एकमेकांचे चांगले मित्र होते म्हणतात. असो, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

फोर्डने इथे मोठा ऐसपैस बंगला बांधला होता. पुढे मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम (महाबळेश्वरच्या माल्कम पेठेचा तोच) याने ही मालमत्ता सरकारसाठी घेतली आणि १८२८ मध्ये बंगल्याच्या आवारात सरकारी वनस्पती उद्यान सुरू झालं. मुळा-पवनेच्या संगमाजवळची जागा, पाण्याला तोटा नाही. अशा बागांमागे कंपनी सरकारचा हिशेब सरळ होता. बाहेरून आणलेली कुठली पिकं इथे रुजतात, कुठली औषधं इथेच पिकवली तर आयातीचा खर्च वाचेल, हे बघायचं. जुन्नरकडे हिवऱ्याला दापोडीचीच एक शाखा होती, तिथे सोनामुखीसारख्या औषधी वनस्पती लावत. म्हणजे 'उद्यान' म्हटल्यावर आपल्या डोळ्यासमोर जी रविवारची भेळ येते तसलं काही नव्हतं. :)

१८३०च्या दशकाच्या अखेरीस ही बाग अलेक्झांडर गिब्सनच्या हातात आली. हा स्कॉटिश डॉक्टर. दख्खन आणि खानदेशात गावोगाव फिरून देवीची लस टोचण्याचं काम त्याने केलेलं, त्यामुळे मुलूख पायाखालचा आणि मराठी येत होतं. कोकणातली जंगलं तोडली गेल्याने झरे आटतायत असं तो सरकारला कळवत होता. १८४७ मध्ये त्याला मुंबई इलाख्याचा वनसंरक्षक नेमलं गेलं. झाडं वाचवणारा साहेब म्हणून त्याचं कौतुक होतं ते ठीक, पण याच वनखात्याने डोंगरातल्या लोकांची फिरती शेती आणि लाकूडफाटा यांच्यावर बंधनं आणली, हेही त्याच खात्यात मांडायला हवं.

त्याच १८४७ मध्ये गिब्सनने एक भारतीय चित्रकार कामाला लावला. १८५० पर्यंत, म्हणजे जेमतेम तीन-चार वर्षांत, या माणसाने बागेतल्या आणि आसपासच्या वनस्पतींची दीडशेहून जास्त रंगीत चित्रं काढली. इथली रानटी झाडं आणि परदेशातून आणून लावलेली शोभेची, उपयोगाची झाडं, दोन्ही.

हे काम वाटतं तेवढं सोपं नाही. वनस्पती दाबून, वाळवून कागदावर चिकटवली की आकार राहतो, पण रंग जातो आणि मांसल फुलांचा तर चोथा होतो. म्हणून चित्र. पण शास्त्रीय चित्र म्हणजे फोटो नव्हे. त्यात कळी, फूल, फळ, बी एकाच कागदावर लागतं, आणि निसर्गात ही मंडळी एकत्र कधी सापडायची? आपला पळसच घ्या. फुलतो तेव्हा झाडावर पान नसतं, पानं येतात तेव्हा फुलं संपलेली असतात. पुरं चित्र हवं तर त्याच झाडाकडे परत परत जायचं. शिवाय फूल उभं कापून आतले केसर मोजायचे, मोठे करून काढायचे. तोडलेली फांदी टेबलावर आली की तासाभरात मान टाकते, त्यामुळे रंग आधी पकडायचे. आणि एवढं करून स्वतःच्या मनाने काही सुंदर करायचं नाही, पाच पाकळ्या असतील तर पाचच.

हे सगळं करणाऱ्या माणसाचं नाव काय? नोंदच नाही. कुठल्या झाडाचं चित्र आहे ते कळतं, ते कुणी काढून घेतलं ते कळतं, काढलं कुणी ते कळत नाही. आमच्याकडे एखाद्या फडतूस प्रोग्रॅमची एक ओळ कुणी आणि किती वाजता बदलली हेसुद्धा सिस्टीमला माहीत असतं (आणि शिव्या बरोबर त्यालाच पडतात).

त्या काळी अशीच पद्धत होती, असं म्हणून हे सोडून देता आलं असतं. पण त्याच वर्षांत तिकडे मद्रास इलाख्यात रॉबर्ट वाइट नावाचा दुसरा स्कॉटिश डॉक्टर हेच काम करून घेत होता. त्याचे चित्रकार रंगय्या आणि गोविंदू. त्यांची नावं आज माहीत आहेत, कारण वाइटने ती लिहिली. एवढंच नाही, १८५३ मध्ये त्याने ऑर्किडच्या एका प्रजातीला गोविंदूचं नाव दिलं, 'गोविंदूइया'. आदल्याच वर्षी त्याने मुंबईच्या कस्टम्समधल्या निकोल डाल्झेलच्या नावाने 'डाल्झेलिया' केली होती. साहेब आणि चित्रकार एका पंगतीला! पुढे गोविंदूइया दुसऱ्या प्रजातीत विलीन झाली, डाल्झेलिया मात्र टिकून आहे. तो शास्त्राच्या नियमांचा भाग झाला. पण नाव लिहायला हरकत नव्हती, हे सिद्ध होतंच. गिब्सनला ते सुचलं नाही.

गंमत म्हणजे गिब्सनने स्वतःही या चित्रांचं फारसं काही केलं नाही. १८६१ मध्ये डाल्झेल आणि गिब्सन यांचं 'बॉम्बे फ्लोरा' आलं, तेही चित्रांशिवाय. पुढे याच विषयावर जास्त सविस्तर ग्रंथ लिहिला थिओडोर कुकने. हा पेशाने इंजिनीयर आणि पुण्याच्या सायन्स कॉलेजचा, म्हणजे आजच्या सीओईपीचा, प्रिन्सिपॉल! (सीओईपीवाल्यांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही.)

दरम्यान गव्हर्नरसाहेबांना गणेशखिंडीत नवा वाडा मिळाला, तीच आज विद्यापीठाची मुख्य इमारत. तिथे १८७३ मध्ये नवीन वनस्पती उद्यान झालं आणि दापोडीची बाग इतिहासजमा झाली. चित्रं पोचली एडिंबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये. तिथल्याच हेन्री नॉल्टी या वनस्पतीशास्त्रज्ञाने २००२ मध्ये त्यांच्यावर पुस्तक काढलं. पुढे २००७ मध्ये रंगय्या आणि गोविंदू यांच्यावरही त्यानेच पुस्तक लिहिलं, आणि त्या पुस्तकाच्या नावातच दोघांची नावं आहेत. दापोडीच्या पुस्तकाच्या नावात गिब्सन आहे. दुसरं कुठलं नाव घालणार?

फोर्डचा बंगला एसटीच्या दापोडी वर्कशॉपच्या आवारात आहे. जिथे तो माणूस कुंचला घेऊन बसत असेल, त्या परिसरात लाल डब्यांची बांधणी आणि दुरुस्ती चालते.