३४३८ : विमानाच्या अंतराचं कूळ

मुंबई ते न्यूयॉर्क हवाई अंतर साधारण साडेबारा हजार किलोमीटर. थेट विमानाला पंधरा तासांच्या आसपास लागतात. जाताना जास्त, येताना कमी, कारण वर जेट प्रवाह पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. नकाशात न्यूयॉर्क पश्चिमेला असलं, तरी गोलावरची सर्वांत जवळची वाट मुंबईहून उत्तर-वायव्येला निघते आणि ६५ अंश अक्षांशाच्या जवळ जाऊन मग खाली उतरते. हे अंतर काढण्याचं रूढ सूत्र म्हणजे हॅव्हर्साइन. जेम्स इनमन यांनी १८३५मध्ये नौकानयनाच्या पुस्तकात त्याला हे नाव दिलं. त्याची किंमत कधी ऋण होत नाही, त्यामुळे खलाशांना लॉगॅरिदमची कोष्टकं बेधडक वापरता येत.

आता गंमत. एकातून कोज्या वजा करा आणि उरेल त्याचं निम्मं घ्या, की झाला हॅव्हर्साइन. यातली वजाबाकी म्हणजे आपली उत्क्रमज्या. सूर्यसिद्धान्तात तिचं कोष्टकच आहे : ७, २९, ६६, ११७... आणि तिचं निम्मं म्हणजे अर्ध्या कोनाच्या ज्येचा वर्ग, हे नातं वराहमिहिराने सहाव्या शतकात दिलं होतं.

पण मी अडकलो तो त्या कोष्टकाच्या त्रिज्येपाशी : ३४३८. आर्यभटाच्या ज्यांमागेही हीच. कला म्हणजे अंशाचा साठावा भाग; वर्तुळाच्या २१,६०० कलांना दोन पायने भागलं की ती येते. इकडे वैमानिकाचा सागरी मैल म्हणजे पृथ्वीच्या परिघावरची एक कलाच. १९२९मध्ये तो १,८५२ मीटर ठरला. साहजिकच पृथ्वीची त्रिज्या भरते सुमारे ३,४४० सागरी मैल! आर्यभटाला पृथ्वीचं अचूक माप ठाऊक होतं असं यावरून कुणी म्हणू नये. दोघांनी कला हेच माप धरलं, एवढाच अर्थ. पण त्यामुळे त्याच्या कोष्टकातला प्रत्येक आकडा पृथ्वीवर मांडला की सागरी मैल होतो. मुंबई-न्यूयॉर्कमधला कोन सुमारे ११२.७ अंश, साठाने गुणा, ६,७६२ मैल हातात.

इतिहासकार जी. जे. टूमर यांच्या मते ही ३४३८ मुळात ग्रीक हिप्पार्कसची. त्याचं कोष्टक उपलब्ध नाही; टॉलेमीने नोंदवलेल्या दोन गुणोत्तरांवरून टूमर यांनी ते उभं केलं. तर्क देखणा आहे, पण दोन खांबांवर केवढा मंडप घालणार? अंश-कला बाहेरून आल्या, हे कबूल. मात्र टॉलेमी अख्खी जीवा मोजतो. ती अर्धी करून शेजारी उत्क्रमज्येचं कोष्टक मांडणं हा इथला हिशेब. पुढच्या प्रवासाचा मागही लागतो. आपण उत्क्रमज्येला शर म्हणतो, अरबांनी सहम म्हटलं, लॅटिनमध्ये सॅजिटा. तिन्हींचा अर्थ बाण. धनुष्य, दोरी आणि बाण ही कल्पना तीन ठिकाणी आपापली सुचली असेल, हे मला पटत नाही. अरबी ग्रंथांबरोबर बाण युरोपात गेला आणि तिथून जहाजावर चढला, असंच मी धरतो.

उद्या हिप्पार्कसचं कोष्टक एखाद्या जुन्या चर्मपत्रावर सापडलं, तर त्रिज्येवरचा हक्क मी मुकाट्याने सोडेन. शरावरचा नाही.